शब्दांची भाऊबंदकी

पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत मान डोलवीत म्हणणाऱ्याच्या पंक्तीला लिहिलेले पाहून वाचणाराही बसविलेला आहे. पोथीला गंधफूल वाहणाऱ्या आपल्या समाजाला हा निवाडा कठोर वाटेल. परंतु डोळा शब्द कसा ओळखतो याचा विचार केला म्हणजे त्यातील मर्म ध्यानात येते.

‘भरण’ आणि ‘मरण’ यांत तफावत काय, तर पहिल्या अक्षराच्या डाव्या खांद्यावरची एक गाठ आणि शिरोरेखेतला लहानसा खंड! एकावर दृष्टी पडताच दुसराही मनात अर्धवट जागा होतो. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत, एकाच अक्षराने भिन्न असणाऱ्या अशा भाऊबंदांची मोजणी मॅक्स कोल्टहार्ट व त्यांचे सहकारी यांनी 1977 मध्ये रूढ केली. पुढे 1989 मध्ये ग्रेंजर प्रभृतींनी दाखविले की, अधिक रुळलेला भाऊबंद आडवा आला की शब्दाची ओळख रेंगाळते. आणि त्याच वर्षी सॅली अँड्र्यूज यांना विरळ शब्दांच्या बाबतीत मोठा गोतावळा उलट साह्यकारी ठरतो असे आढळले. भाऊबंद दाव्यात उभे राहतात तसे मांडवातही राबतात, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

शब्द इतरांच्या निराकरणानेच अर्थ देतो, हा दिङ्नागाचा अपोहवाद येथे अक्षराकृतीला लावण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. कारण निराकरण हीच जर ओळख, तर गोतावळ्याचे साह्य कोठून आले? मला भर्तृहरी अधिक जवळचा वाटतो. दुरून किंवा अंधारात वस्तू प्रथम भलतीच भासते, आणि त्या भासांच्याच पायऱ्यांनी अखेर यथार्थ ज्ञान होते, असे तो वाक्यपदीयात सुचवितो. चूक ही त्याच्या लेखी ज्ञानाची वैरीण नसून वाट आहे.

मात्र थकलेला लेखनिक या वाटेवर मध्येच थांबतो आणि विरळ शब्दाच्या जागी त्याचा रुळलेला भाऊबंद रुजू करून मोकळा होतो. म्हणूनच पाठचिकित्सक पुष्कळदा कठीण पाठाला अधिक प्रामाण्य देतात, आणि म्हणूनच शके 1506 मध्ये एकनाथांना पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. वैदिकांनी ही जोखीम डोळ्यावर सोपविलीच नाही. घनपाठात प्रत्येक पद शेजारच्या पदांशी पुढून-मागून जोडून म्हणावे लागते, त्यामुळे तोतया पद फार वेळ टिकत नाही. शिक्षाकारांचा निवाडा, निदान हस्तलिखितांपुरता, मला मान्य आहे.