नाताळच्या आठवड्यातली येळवस

डिसेंबर निम्मा सरला की लातूर जिल्ह्यातल्या आमच्या उदगीर-जळकोटच्या दुकानांत सांताक्लॉजच्या लाल टोप्या लटकू लागतात. इंग्रजी शाळेतल्या पोरांना त्या घालून फोटो काढायचे असतात. घरात मात्र त्याच दिवसांत चौकशी वेगळीच चाललेली असते: तुरीच्या शेंगा भरल्या का, हरभऱ्याला घाटे धरले का, पुण्याहून कोण कधी निघणार. आमच्याकडे वर्षअखेरीला कुटुंब गोळा करणारा सण म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षातली ही अमावास्या नाताळच्या आगेमागे हिंडत असते. २०१९ मध्ये ती नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला आली, तीही सूर्यग्रहण घेऊन. २०२२ मध्ये २३ तारखेला, २०२४ मध्ये ३० तारखेला. एखाद्या वर्षी सरळ जानेवारीत जाते. नाताळची सुट्टी साऱ्या देशाला आहे. येळवशीची सुट्टी लातूरचे जिल्हाधिकारी आपल्या हातातल्या मोजक्या स्थानिक सुट्ट्यांमधून देतात. ती त्यांनी दिली नसती, तरी कचेरीत फिरकलं कोण असतं?

नाताळ मराठवाड्याला परका आहे, असं मात्र समजू नये. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती शेतकऱ्यांचं गावच वसवलं. बिदरला मेथडिस्ट मिशनचा दवाखाना आहे. मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरात करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरतात, ते आमच्या दिवाळीच्या डब्यांहून वेगळे नसतात. आणि १९५६ पर्यंत आमचा उदगीर-अहमदपूरचा मुलूखही बिदर जिल्ह्यातच होता. येळवस लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गीत दणक्यात होते आणि पुण्या-नाशिकच्या माणसाने तिचं नावही ऐकलेलं नसतं, त्याचं कारण या जुन्या नकाशात सापडतं.

या सणाला देऊळ लागत नाही, भटजी लागत नाही, मुहूर्तही कुणी विचारत नाही. लागतं ते शेत. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, वरून शाल किंवा नवं लुगडं गुंडाळायचं, आत पाच दगड मांडून त्यांना चुना-काव लावायची. हे पाच पांडव. घरातला कर्ता अंगावर घोंगडी घेऊन डोक्यावर आंबिलीचं मडकं आणतो. पूजा झाली की पिकातून फिरत आंबील शिंपडतो आणि मोठ्याने जे ओरडतो, त्यातले निम्मे शब्द कानडी असल्याने ओरडणाऱ्यालाही धड कळत नाहीत. मग पंगत. बांधावरून जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी हाक जाते, ‘‘पाव्हणं, आंबील तरी घेऊन जावा.’’ शहरात दुकानं बंद, रस्ते ओस. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अघोषित संचारबंदी’ हा मथळा येतो. दरवर्षी तोच येतो.

पण खरी गोष्ट भज्जीची आहे. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, पावटा, जी मिळेल ती पालेभाजी, हे सगळं आंबट ताकात कालवलेल्या बेसनात रटरटतं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. ही यादी स्वयंपाकघरात ठरलेली नाही. शिवारात त्या आठवड्यात जे उभं असायचं, ते एका पातेल्यात आलं. ताकाला गाय-म्हैस हवी, आंबिलीला ज्वारी हवी, कोपीला कडबा. म्हणजे येळवस हा शेताचा वर्षातून एकदा होणारा ताळेबंदच आहे आणि गेली काही वर्षं तो जुळत नाही.

कारण सोयाबीन. आमच्या हलक्या, डोंगर-माळाच्या जमिनीत ते येतं, शंभर-एक दिवसांत निघतं आणि लातूरच्या बाजारात रोख पैसा देतं. त्यासाठी शेतकऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. २०२४-२५ ला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर होऊनही बाजारात त्याखाली विकावं लागलं, तरी पुढच्या वर्षी त्याने सोयाबीनच पेरलं, कारण दुसरं काय पेरावं हे सांगायला कुणी येत नाही. पण सोयाबीनने खरिपातली ज्वारी घालवली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे गोठ्यातली जनावरं गेली, जनावरांमागे ताक. आता कोप उसाच्या वाढ्यांची होते, नाहीतर चार काठ्यांवर ताडपत्री. वाटाणा बाजारातून येतो, ताक पिशवीतून. आपल्याच शेतात बसून विकतचं जेवायचं, ही गोष्ट मला सांताच्या टोपीपेक्षा जास्त उपरी वाटते. टोपी निदान पोरांच्या हौसेची असते.

माणसांचा हिशेबही असाच आहे. नोकरीला गेलेली पोरं दिवाळी चुकवतील, येळवस चुकवत नाहीत. आदल्या रात्रीच्या लातूरच्या गाड्या बघा. मात्र त्याच दिवशी जळकोट तालुक्यातल्या कित्येक तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरंच असतात. धडधाकट जोडपी दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेली. ती परततात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. त्यांची येळवस परक्याच्या फडात जाते. ज्याला गुंठाभर जमीन नाही, तो कुणाच्या तरी शेतात पाहुणा होतो. त्याला प्रेमाने वाढतात, हे खरं. पण पाहुणा आणि मालक यांच्यातलं अंतर एका पंगतीने मिटतं, असं या सणाबद्दल लिहिणारे आम्ही लोक उगाच सांगत आलो आहोत.

घरातही एक अंतर आहेच. पुण्याहून आलेला भाऊ सकाळी आठला उठून शेतात जातो, कोपीपुढे फोटो काढतो. तोवर त्याची आई, वहिनी, चुलती रात्री दोन-अडीचपासून चुलीपुढे असतात. आंबील आदल्या दिवशी विरजायची, शेंगा सोलायच्या, भाज्या निवडायच्या, तीळ कुटायचे, उंडे वळायचे. मग सगळं टोपल्यात भरून शेतापर्यंत डोक्यावर न्यायचं. चुलत-मावस मिळून पन्नास पानं उठतात तेव्हा मागची पंगत त्यांची, आणि तोवर भज्जी तळाला लागलेली.

सोयाबीनचं गणित सुटायला वेळ लागेल. तोवर बांधाकडेची चार तासं तूर, वाल, ज्वारीला ठेवणं कुणाच्याही हातातलं आहे; काही घरं ती ठेवतातही. आणि नाताळच्या सुट्टीला रजा जोडून येळवशीला गावी येणाऱ्यांनी शक्यतो आदल्या दिवशी दुपारीच पोचावं. शेंगा सोलायला माणसं कमी पडतात.