विष घेतलेल्याची इच्छा

द्राक्षबागांच्या दिंडोरी तालुक्यात फवारणीचे औषध घरोघरी हाताशी असते, आणि कर्जाने वा कलहाने जेरीस आलेला मनुष्य जेव्हा तेच तोंडाला लावतो, तेव्हा त्याच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरास एक प्रश्न टाळता येत नाही: ज्याने आपण होऊन मृत्यू पत्करला, त्यास मागे ओढण्याचा अख्त्यार आपणांस कोणी दिला?

हात मात्र थांबत नाहीत. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, ओठांवरचा फेस, घामाने निथळणारे अंग ओळखून तो उतारा म्हणून अट्रोपिन देतो, छातीतील घरघर ओसरेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतो, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर फुप्फुसांत साचलेले पाणी पाहतो.

आपल्या परंपरेने अन्नत्यागाने स्वेच्छामरण पत्करण्याचे प्रायोपवेशन मानले, जैनांनी सल्लेखना मानली, हे खरे. परंतु तेथे विचारास अवधी असे, गुरूची अनुज्ञा लागे आणि अन्नत्याग क्रमाक्रमाने होई. संतापाच्या एका क्षणी रिकाम्या केलेल्या बाटलीत यांपैकी काहीच नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे. माझ्या मते डॉक्टर त्याला हिरावला गेलेला अवधी परत देतो. मात्र नळ्या काढल्यावर उशाशी बसून कर्ज किती, घरी कोण, हे विचारण्याचे शिक्षणही डॉक्टरास अट्रोपिनच्या मात्रेइतक्याच सक्तीने दिले पाहिजे.