किती वाजता?

"फरक वाटतोय का?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी चटकन "नाही" म्हणून मोकळी झाले. गोळी सुरू होऊन महिना झाला होता आणि हे उत्तर मी रिक्षातच पक्कं करून ठेवलं होतं.

डॉक्टर कागदावरून मान वर करून म्हणाल्या, "किती वाजता?"

मला प्रश्नच कळला नाही. मुलगा पाचवीत, वय दहा, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाचं, निदान दोन महिन्यांपूर्वीचं. फरक पडला की नाही, यात वेळेचा काय संबंध?

मग त्यांनी माझ्याकडूनच त्याचा दिवस वदवून घेतला. सातला नाश्ता आणि गोळी, साडेसातला शाळा, एक वाजता घरी. त्याला दिलेली मिथिलफेनिडेटची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि तीन-चार तासांत ओसरते. म्हणजे अकराच्या सुमारास तिचा अंमल संपलेला असतो. "ज्या मुलावर गोळी काम करते, तो तुम्हाला भेटतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला त्याच्या आधीचा भेटतो आणि नंतरचा."

मी गप्प झाले. मला भेटणारा नंतरचा मुलगा दारातूनच दप्तर भिरकावतो, पाणी पिताना पेला सांडतो, धाकट्या बहिणीच्या वेण्या ओढतो आणि मग कोपऱ्यात रडत बसतो. औषध उतरताना काही मुलं अशी थोडा वेळ जास्तच चिडचिडी होतात. मी त्याला औषधाचा पराभव समजत होते. शाळेतही तीच गत. पहिल्या तासाच्या गणिताच्या बाई म्हणत, वही पूर्ण असते हल्ली. शेवटच्या तासाचे इतिहासाचे सर म्हणत, हा बाकावर सापडेल तर शपथ. बाई माया करतात आणि सर डूख धरून आहेत, असा निवाडा मी परस्पर करून टाकला होता. खरं दोघांचंही होतं. एकाचा तास साडेसातचा, दुसऱ्याचा साडेअकराचा.

डॉक्टरकडे जाताना आपण निकाल घेऊन जातो आणि हकिगत घरी ठेवतो. 'गुण येतोय', 'गुण येत नाही', 'औषध सोसत नाही'. डॉक्टरला हवी असते ती हकिगत, आणि ती सांगायला आपल्याला लाज वाटते. माझ्याकडेही अशी एक लपवलेली गोष्ट होती.

ही गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. कायद्याने ती शेड्यूल एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. पहिल्यांदा आणायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने एकदा चिठ्ठीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. एवढंच. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात 'नशेचं औषध' हे शब्द उमटले होते. सासूबाई म्हणाल्या, "याचा बापही लहानपणी असाच होता, त्याला कुठं गोळ्या दिल्या आम्ही?" मधल्या एका आठवड्यात मी चार दिवस गोळी दिलीच नाही. कुणाला बोलले नाही.

त्या दिवशी ते बोलून गेले. रागावतील असं वाटलं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर गोळी कमी पडतेय असं समजून मी मात्रा वाढवली असती." ही मात्रा नुसत्या वजनावरून ठरत नाही. थोडक्यापासून सुरू करायची, बघायचं, मग गरज असेल तर वाढवायची. बघणारे आम्हीच, आणि आम्हीच चार दिवस डोळे मिटून घेतलेले. सासूबाईंचं वाक्य मात्र त्यांनी लिहून घेतलं. एडीएचडी पुष्कळदा घराण्यातून येतो. आजीने विरोध म्हणून जे सांगितलं, ते डॉक्टरांच्या लेखी माहिती होती.

नंतर नाडी, रक्तदाब, उंची आणि वजन झालं. काटा महिन्यापूर्वीपेक्षा आठशे ग्रॅम खाली होता. "खाणं कसं आहे?"

"उत्तम," मी म्हटलं. निदान हे तरी मला खात्रीने माहीत होतं. "डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो."

डॉक्टर पहिल्यांदाच खुर्ची वळवून त्याच्याकडे बघू लागल्या. तोवर तो खिडकीच्या पडद्याच्या कड्या मोजत होता. "काय रे, डबा कोण खातं?"

"बाकावरचा," तो कड्यांवरची नजर न काढता म्हणाला. "मला भूकच लागत नाही तेव्हा."

"आईला सांगितलं नाहीस?"

"तिनं विचारलंच नाही. ती डबा बघते."

मला रागही आला आणि हसूही. भूक मंदावणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. मी रोज डबा उघडून निर्धास्त होत होते. ज्याची भूक, तो माझ्यासमोर उभा होता, त्याला मी 'हात धुतलेस का' याखेरीज काही विचारत नव्हते. औषधावर बोलणारे आम्ही किती तरी जण. मी एकनंतरची, बाई पहिल्या तासाच्या, सर शेवटच्या, आजी दुपारची. चोवीस तास तिथे हजर असलेला साक्षीदार एकच, आणि त्याला आम्ही पडद्याच्या कड्या मोजायला सोडलेलं.

या औषधांची गोष्टच मुलांच्या साक्षीने सुरू झाली आहे. 1937 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत होते. एका तपासणीनंतर मुलांचं डोकं फार दुखे, म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे याच जातीचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मग त्यांनी 30 मुलांना ते औषध दिलं. सगळ्यांच्या नाही, पण जवळपास निम्म्यांच्या शाळेच्या कामात ठळक फरक दिसला. डॉक्टरांनी आपली निरीक्षणं शास्त्राच्या भाषेत मांडली. मुलांनी त्या गोळ्यांना आपल्या भाषेत नाव ठेवलं, 'गणिताच्या गोळ्या'. काय होतंय आणि कुठे होतंय, दोन्ही त्या दोन शब्दांत आलं.

आम्ही औषध बदललं नाही. बदललं ते ताट. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, डबा हलका, आणि भूक परतते तेव्हा, चारच्या सुमाराला, खरं जेवण. आणखी एक वही केली. तिच्यात तीन रकाने आहेत. पहिला माझा, दुसरा शाळेचा, तिसरा त्याचा. माझ्या रकान्यात वाक्यं लांबलचक असतात आणि वेळ लिहायची मी अजूनही विसरते. त्याच्या रकान्यात वेळ न चुकता असते, बाकी अक्षर तेवढं ओळीवरून खाली घसरतं.

कालची नोंद अशी आहे : "10.15. डबा. दोन घास मी, बाकी त्याला. भेंडी."

भूक नव्हती की भेंडी होती, हे त्याने लिहिलेलं नाही. विचारायला हवं.