दोन काळ्या रेघा

पुण्यातल्या एका कॉलेजची मुलं पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवत होती. पार्श्वसंगीताचं काम ज्या मुलीकडे होतं, ती गिटार मन लावून वाजवायची. स्टुडिओ भाड्याने घ्यायला ग्रुपकडे पैसे नव्हते, तेव्हा तिने घरीच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. गिटारची केबल छोट्या इफेक्ट्स प्रोसेसरमध्ये, प्रोसेसर ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला, अशी जोडणी झाली.

प्रोसेसरला हेडफोन लावला की गिटार भरदार वाजायची. तीच गिटार इंटरफेसमधून लॅपटॉपवर गेली की विहिरीतून आल्यासारखी ऐकू यायची. तारेवर प्लेक्ट्रम पडल्याचा टणत्कार नाही, खर्ज नाही, नुसती मागे रेंगाळणारी घुमघुम.

आवाज पोचत नाही म्हटल्यावर माणूस जे करतो ते तिने केलं. इंटरफेसवरचा गेन वाढवला. मग प्रोसेसरचा व्हॉल्यूम वाढवला. मग लॅपटॉपवर रेकॉर्ड झालेला ट्रॅक आणखी फुगवला. घुमघुम मोठी झाली, तिच्या जोडीला खरखर आली, गिटार काही आली नाही. मित्रांनी ऐकून निकाल दिला की इंटरफेस कमजोर आहे, नवा घे. बाबांकडे पैसे कसे मागायचे याची जुळवाजुळव तिने मनात सुरूही केली.

तिची बाजू इथे सांगायलाच हवी, कारण ती निष्काळजी नव्हती. गिटार थेट जोडायची तर इंटरफेसवर ‘इन्स्ट’ हा पर्याय निवडायचा, हे तिला ठाऊक होतं. गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, त्याला साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं, नाहीतर वरचे सूर मरतात. प्रोसेसरमधून बाहेर पडणारा सिग्नल मात्र आधीच दमदार झालेला असतो, म्हणून त्याला ‘लाइन’. तिने ‘लाइन’च ठेवलं होतं. केबलही चांगली घेतली होती, साध्या केबलपेक्षा महाग. पुस्तकात सापडेल ते सगळं बरोबर होतं आणि तरी गिटार हरवत होती. अशा वेळी माणूस यंत्राला दोष देतो, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

रविवारी मामा आला. मामाने उभी हयात ऑर्केस्ट्राच्या साऊंडवर काढलेली. त्याने रेकॉर्डिंग ऐकलं आणि नॉबला हात न लावता म्हणाला, “ही घुमघुम, प्रोसेसरमधला रिव्हर्ब, बंद कर.”

“अरे मामा, आधीच काही ऐकू येत नाहीये. रिव्हर्ब काढला तर काय उरेल?”

“तेच बघायचंय. कर बंद.”

तिने रिव्हर्ब बंद करून ‘ई मेजर’ कॉर्ड जोरात वाजवली. लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट राहिली. पुन्हा वाजवली, पुन्हा सपाट. तिने पिन काढून हेडफोन लावला तर गिटार ठणठणीत होती.

“म्हणजे इतके दिवस मी रेकॉर्ड काय केलं?”

“रिव्हर्ब. गिटार सोडून बाकी सगळं.”

त्याने तिच्या केबलची पिन उजेडात धरली. पिनेवर दोन काळ्या रेघा होत्या. मग आपल्या पिशवीतून गिटारची साधी केबल काढून शेजारी धरली. त्या केबलच्या पिनेवर एकच रेघ. एक रेघ म्हणजे सिग्नलची एकच वाट आणि तिच्याभोवती अर्थिंग. दोन रेघा म्हणजे सिग्नलच्या दोन वाटा. तिच्या प्रोसेसरला बाहेर पडायला एकच भोक होतं, हेडफोनचं आणि आउटपुटचं मिळून. त्यातून डावा आवाज एका वाटेने यायचा, उजवा दुसऱ्या वाटेने.

“आणि इंटरफेसचं लाइन इनपुट असतं बॅलन्स्ड. स्टेजपासून मिक्सरपर्यंत आम्ही लांबलचक माइक केबल टाकायचो, लाइटच्या वायरींच्या शेजारून. सगळी गुणगुण त्यात शिरणारच. म्हणून एकच आवाज दोन तारांतून पाठवतात, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत शिरलेली गुणगुण मात्र दोन्हींत सारखी असते. पलीकडचं यंत्र एका तारेतून दुसरी वजा करतं. गुणगुण जाते, गायक उरतो.”

ती पिनेकडे बघत राहिली. “माझी गिटार डावीकडे-उजवीकडे सारखीच होती.”

“म्हणून त्याने ती गुणगुण समजून फेकून दिली. रिव्हर्ब दोन्हीकडे थोडा वेगवेगळा असतो, तेवढा वाचला. इंटरफेस कमजोर नाही गं, आपलं काम चोख करतोय. तू गेन वाढवत होतीस तो वजाबाकी होऊन गेल्यावर. जे आधीच गेलं ते वाढणार कसं?”

त्याने पिशवीतून वाय केबल काढली. एका टोकाला दोन रेघांची पिन, दुसऱ्या टोकाला एकेक रेघेच्या दोन पिना. डावी पिन पहिल्या इनपुटला, उजवी दुसऱ्याला. लॅपटॉपवर दोन ट्रॅक, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. गेन आधी शून्यावर आणायला लावला, मग म्हणाला, “नाटकात सगळ्यात जोरात जे वाजवणार आहेस ते वाजव.” मीटर उणे बारा डेसिबलपर्यंत चढू लागल्यावर त्याने हात वर केला. तिला अजून वर न्यायचं होतं.

“कशाला? २४ बिटांवर रेकॉर्ड करतेयस. एका बिटाला साधारण ६ डेसिबल धर, कागदावर १४४ होतात. सीडीला ९६ पुरले. खाली जागा चिक्कार आहे. वर शून्याला टेकलं की आवाजाचा माथा कापला जातो, आणि कापलेला माथा परत लावता येत नाही.”

संध्याकाळपर्यंत तिचे चार तुकडे रेकॉर्ड झाले. नव्या इंटरफेसचा विषय बाबांपर्यंत गेलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तालमीत ते तुकडे पहिल्यांदा वाजले. शेवटच्या प्रवेशात आईचं काम करणारी मुलगी मुलाची चिठ्ठी वाचते, तिथे दिग्दर्शक पुन्हा पुन्हा थांबवत होता. “पोचत नाही. मोठ्याने. अजून मोठ्याने.” ती बिचारी ओरडायला लागली आणि चिठ्ठी वाचणारी आई दिसेनाशी झाली. कुणी म्हणालं, तिला माइक लावू या.

गिटारवाली उठून हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून बसली. “पुन्हा एकदा घ्या,” म्हणाली. “आणि तू ओरडू नकोस, पहिल्या दिवशी वाचलीस तशी वाच.” डोळे मिटून तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग पुढे येऊन लॅपटॉप उघडला.

“हिचा आवाज कमी नाहीये. हिची वाक्यं ज्या पट्टीत येतात, त्याच पट्टीत माझ्या कॉर्ड्स आहेत. दोघी एकमेकींवर पडतोय.” वाक्यांखालच्या कॉर्ड्स तिने एकेक करून काढून टाकल्या. ठेवली ती फक्त खर्जाची एक तार, चिठ्ठी घडी करतानाची.

दिग्दर्शक तिच्याकडे बघत राहिला. “अगं, तुझा सगळ्यात छान तुकडा होता तो.”

“छानच आहे,” ती म्हणाली. “तो पडदा पडल्यावर घेऊ. आता हिला वाचू दे.”