देवाच्या दारी आचरणाचा निकष

राखी पौर्णिमेनंतर आपल्या भोपाळ शहरात किन्नर समाजाची भुजरियांची मिरवणूक निघते. गव्हाच्या कोवळ्या अंकुरांच्या टोपल्या मस्तकी घेऊन ही मंडळी तलावाकडे जातात आणि पर्जन्य चांगला व्हावा, नगराचे कल्याण व्हावे, अशी प्रार्थना करतात. आपण दुतर्फा उभे राहून ती पाहतो. आयाबाया आपल्या लेकरांस त्यांचा आशीर्वाद देववितात. मग तोच हात आपल्या मंदिरातील घंटेस लागला, तर आपण दचकावे काय?

हा प्रश्न आज काढण्यास कारण आहे. दर्शनास येणाऱ्या तृतीयपंथी भक्तांसाठी वर्तनाचे काही स्वतंत्र नियम असावेत, अशी सूचना आपल्यापैकी काही सभासदांनी केली आहे. ती द्वेषबुद्धीने केलेली नाही, हे आम्ही जाणतो. आगगाडीत पैशांसाठी झालेला हट्ट, मंगलकार्यात बिदागीवरून झालेली बोलाचाली, असे अनुभव पुष्कळांच्या गाठी आहेत. ते खोटे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु दक्षिणेसाठी अडून बसणारा एखादा भिक्षुक पाहिला, म्हणून सर्व भिक्षुकांसाठी आपण निराळी पाटी लावीत नाही. दोष कृत्याचा असतो. तो जातीवर वा देहावर लादणे हा न्याय नव्हे.

यावर असे म्हटले जाते की, त्यांनी आधी आपले वर्तन सुधारावे, म्हणजे समाज त्यांस आपोआप जवळ करील. हे ऐकावयास रास्त वाटते. पण आपल्याच परंपरेतील साक्ष काढून पाहावी. चोखोबांच्या आचरणात उणे काय होते? तरीही ते महाद्वाराबाहेरच राहिले. पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. दार उघडले, ते बाहेरच्यांचे वर्तन सुधारले म्हणून नव्हे. आतल्यांना आपले वर्तन बदलावे लागले म्हणून.

शिवाय ज्यास घराने टाकले, शाळेत ज्याची टवाळी झाली, ज्यास कोणी चाकरीस ठेविले नाही, त्याने हात पसरला तर त्यात आपला वाटा किती, हेही पाहिले पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये या लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली होती. संशयाची ती नजर आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही. उलट जेथे विश्वास टाकला गेला, तेथे काय झाले? आपल्याच मध्य प्रदेशातील सोहागपूरच्या मतदारांनी शबनम मौसी यांना विधानसभेत पाठविले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक सोयींबाबत भेदभावास मनाई केली. अर्धनारीनटेश्वरास हात जोडणाऱ्या आम्हांस हे सांगण्यास कायदा लागावा, याचीच खरी लाज वाटावयास हवी.

म्हणून आमचे मत असे की, नियम अवश्य असावेत, पण ते एकाच पाटीवर आणि सर्वांसाठी असावेत. पादत्राणे बाहेर ठेवावीत; रांग मोडू नये; आरतीच्या वेळी गलबला करू नये; आवारात कोणी कोणाकडे पैसे मागू नयेत; कोणी कोणाची कुचेष्टा करू नये, टक लावून पाहू नये. स्त्रियांच्या रांगेत उभे राहावे की पुरुषांच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. मंदिराने ती चौकशी करू नये. तीर्थ व प्रसाद सर्वांस सारख्याच हाताने द्यावा.

शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. मागे एका सायंकाळी आरतीस दोन तृतीयपंथी भक्त आले होते. ते शांतपणे मागे उभे राहिले, डोळे मिटून त्यांनी नमस्कार केला, आणि तीर्थाची पळी आपल्यापर्यंत येईल याची वाट न पाहता ते निघून गेले. त्यांच्या वर्तनात काही उणे नव्हते. त्यांच्या शेजारी उभे असलेले आम्ही मात्र दोन पावले दूर सरकलो होतो. ती पाटी लिहिण्यास घेतली, म्हणजे तिच्यावरील पहिला नियम आम्ही आपल्यासाठी वाचणार आहोत.