विचारपूस आणि तिचें ऋण

गडहिंग्लज तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं सकाळीं गेल्यास खांद्याला पिशवी व हातांत वही घेतलेली एक बाई घरोघर फिरतांना दृष्टीस पडते. लोक तिला आशाताई म्हणतात. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत एक हजार वस्तीमागें अशी एक सेविका नेमावी, व ती त्याच गांवची रहिवासी, शक्य तर गांवची सून असावी, असें ठरलें. गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणें, बाळांना लस टोंचून घेण्यास आयांना बोलावणें, क्षयाच्या रोग्यांस गोळ्या पोंचविणें हीं तिचीं नेमून दिलेलीं कामें होत. परंतु ती उंबऱ्याशीं टेकली म्हणजे तिच्या कानीं पडतें तें निराळेंच. उपाशीपोटीं गोळ्या घेतल्या तर मळमळतें, आणि डब्यांत पीठ नाहीं. दवाखान्यांत जावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडें वेगळेंच. नवरा पितो. सुनेचें नांव शिधापत्रिकेवर अद्याप चढलें नाहीं. हें सर्व लिहिण्यास तिच्या वहींत रकाना कोठला?

यावर आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहतो तो वैद्यकाचा नसून नीतीचा आहे. दुसऱ्याच्या भुकेची चौकशी रिकाम्या हातांनीं करण्याचा कोणास अधिकार आहे काय?

कित्येक सुज्ञ गृहस्थ म्हणतात कीं औषध देणें एवढेंच आरोग्याचें काम, पोटाचें ज्याचें त्यानें पाहावें. हा भेद कागदावर शोभतो. देहाला तो ठाऊक नाहीं. झारखंड राज्यांत क्षयरोग्यांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटांतील घरच्या माणसांस दरमहा माणशीं ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या गटांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण दुसऱ्या गटापेक्षां ३९ टक्क्यांनीं कमी भरलें. सरकारनेंहि ही गोष्ट ओळखून २०१८ पासून रोग्यास आहारासाठीं दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला, व नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. तेव्हां डाळ हें औषध नव्हे असें आतां कोणीं म्हणूं नये.

आपल्या महाराष्ट्रांत हें पुष्कळ आधीं कळून चुकलें होतें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हीं वेल्लोरास शिकलेलीं ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें कामास लागलीं. मुलुख अवर्षणाचा. लोकांच्या पहिल्या मागण्या औषधाच्या नव्हत्या. पाणी व अन्न ह्यांच्या होत्या. आरोळ्यांनीं ती मागणी बाजूला न सारतां तेथूनच आरंभ केला. मुलांच्या जेवणाची सोय, विहिरी व हातपंप, तरुण शेतकऱ्यांचीं मंडळें, महिला मंडळें हीं सर्व त्यांच्या लेखीं दवाखान्याचींच कामें ठरलीं. कित्येक ठिकाणीं हातपंपाची जागा दलित वस्तींत धरण्यांत आली, म्हणजे ज्यांस शिवाशीव पाळावयाची होती त्यांस घागर घेऊन तेथेंच यावें लागलें. (एवढें काम शंभर प्रवचनांनीं होतें ना, असें आमच्या धंद्याच्या मनुष्यास वाटल्यावांचून राहत नाहीं.) आणि हें करणाऱ्या आरोग्यसेविका कोण, तर गांवानेंच निवडलेल्या बायका, पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर. जामखेडास येऊन त्या शिकत, परत जाऊन शेजारणींस शिकवीत. १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ज्या बाईस काल कोणी ओसरीवर चढूं देत नव्हतें तिलाच आज अडल्या बाळंतिणीसाठीं घरांत बोलावतात, हें आम्ही त्याहून मोठें समजतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चौकशी ही एक प्रकारची हमी आहे. "आज चूल पेटली का?" असें विचारल्याबरोबर ऐकणाराच्या मनांत आशा उभी राहते, आणि विचारणारी नुसती मान हलवून उठली तर त्या घरची लाज उघडी पडते व भूक तशीच राहते. हें नुसतें दुर्लक्ष करण्याहून वाईट, असें म्हणणाराचें म्हणणें आम्ही खोडून काढूं शकत नाहीं. तरीहि तिनें विचारूंच नये, हा निर्णय आम्हांस मान्य नाहीं. कारण ती स्वतःच्या नांवानें विचारीत नाहीं. गांवची सून म्हणून, गांवानें पुढें केलेली म्हणून ती त्या उंबऱ्याशीं बसते. मग त्या प्रश्नानें जें ऋण झालें तें तिच्या एकटीचें कसें? तें गांवाचें. तलाठी, रास्त भाव दुकानदार, ग्रामपंचायतीचे सभासद, मंडळीचे पंच ह्या सर्वांनीं तें वांटून घेतलें पाहिजे.

प्रत्यक्षांत होतें उलटें. आशाताईला पगार नाहीं, कामाप्रमाणें मोबदला मिळतो. त्यासाठीं महाराष्ट्रांतील आशांना ऑक्टोबर २०२३ मध्यें आणि पुन्हां पुढील वर्षाच्या आरंभीं संप करावा लागला. जी स्वतः हिशेब जुळवितां जुळवितां थकते तिनेंच पदरचें पीठ द्यावें, व आपण तिच्या चांगुलपणाची वाखाणणी करावी, ही वांटणी आम्हांस न्यायाची दिसत नाहीं.

आणखी एक गोष्ट. मदत करावयाची तर ती चारचौघांत करूं नये. भर दुपारीं धान्याचें पोतें ज्याच्या दारीं उतरतें त्याची नांवनिशी संध्याकाळपर्यंत पारावर होते. जें घर आज विश्वासानें बोललें तें उद्यां दार लावून घेईल. म्हणून आशाताईनें कोणास सांगावें, किती सांगावें, हें तिनें त्या घरच्या बाईस विचारूनच ठरवावें.

दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम लागतो. बीड व नगरकडच्या त्याच कोरड्या पट्ट्यांतून तोडणीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यांत येतात, गांवाबाहेर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्यांत गरोदर बाया असतात, तान्हीं मुलें असतात. त्यांचीं नांवें ज्या यादींत आहेत तें गांव दूर राहिलें. जेथें कोपी उभी आहे तेथील यादींत तीं बहुधा नसतात. ह्या कोप्यांच्या दारीं विचारपूस कोणाच्या नांवानें व्हावयाची, हें आपल्या पंचांनीं पहिली मोळी गव्हाणींत पडण्यापूर्वीं बसून ठरवावें.