कागद सुटेल, पण हाव सुटेल का?



आपल्या केंद्रातला कागद हळूहळू किती कमी झाला, हे तुमच्या लक्षात आलंय का? पूर्वी गुरुपौर्णिमा जवळ आली की पत्रकं छापून यायची आणि आपण ती वाड्यावाड्यांवर वाटत फिरायचो. सेवेच्या पाळ्या लिहिलेला कागद फळ्यावर लागायचा. आता सगळं मोबाईलवर येतं. हे पत्रकसुद्धा तुम्ही मोबाईलवरच वाचताय. म्हणून सेवेकरी भगिनींमध्ये एक विषय निघाला: कागद बंद केला म्हणजे निसर्गाची सेवा झाली, असं म्हणता येईल का? प्रश्न साधा वाटतो, पण खोलात गेलं की तो आपल्या साधनेपर्यंत येऊन पोचतो.

आपल्या नार्व्याचंच बघा. दिवाडीवरचं श्रीसप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि त्याचा शिलालेख दारावर आहे. दगडावर कोरायचं म्हणजे कष्ट आणि वेळ. त्यामुळे कोरायच्या आधी माणूस विचार करतो की काय लिहिलंच पाहिजे. म्हणून शिलालेखात फापटपसारा नसतो. कागद आला तसं लिहिणं स्वस्त झालं आणि माणूस जास्त लिहू लागला. मोबाईल आला तेव्हा तर पाठवायला काहीच लागेना. एकच सुविचार सकाळी पाच गटांवर येतो आणि आपण तो आणखी पाच गटांवर ढकलतो.

म्हणजे दगडाचा आणि कागदाचा आवर बाहेरून होता. दगड कठीण म्हणून, कागद विकत आणायचा म्हणून. मोबाईलवर बाहेरचा आवर उरलाच नाही. आता तो आतूनच यायला हवा. योगशास्त्रातल्या पाच यमांत अपरिग्रह आहे. गरजेपेक्षा जास्त साठवायचं नाही, हा त्याचा साधा अर्थ. तो पैशाअडक्याला लागू आहे तसाच कागदाला आणि मोबाईललाही.

आपल्या घरांतून हा संस्कार होताच. मुलांच्या वह्यांची कोरी पानं काढून, शिवून नवी वही व्हायची. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला वाणसामानाची यादी. वर्तमानपत्र आधी वाचायचं, मग फडताळात अंथरायचं, मग रद्दीत. गोव्यात काही घरांत आजही चवथीला मातीची मूर्ती नसते, कागदावरच्या चित्रातला गणपती पुजतात. पोर्तुगीज अमदानीत सण उघडपणे करता येत नव्हता, तेव्हापासूनची ही रीत असं जुनी माणसं सांगतात. ज्या कागदात देव राहू शकतो तो चुरगाळून फेकायची वस्तू नाही, एवढं तरी त्यातून घेऊ या.

भारतात माणशी वर्षाला साधारण १५ किलो कागद लागतो, जगाची सरासरी त्याच्या तिपटीहून जास्त आहे. शिवाय आपल्याकडचा बराचसा कागद रद्दीपासूनच बनतो. पण रद्दीचा पुन्हा कागद करायचा तर त्यालाही मर्यादा आहे. दर वेळी त्यातला तंतू आखूड होतो आणि पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कामाचा राहत नाही. म्हणून आधी कमी वापरायचं, मग पुन्हा वापरायचं, आणि रद्दी सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

कागदाशिवायच्या कचेरीची भविष्यवाणी अमेरिकेत १९७५ सालीच झाली होती. घडलं उलटंच. संगणकाबरोबर छपाईयंत्र आलं, एक बटण दाबलं की प्रत निघू लागली, आणि पुढची कितीतरी वर्षं कचेऱ्यांतला कागद वाढतच गेला. यंत्र बदललं, सवय तीच राहिली.

आणि मोबाईलचा कचरा? तो आपल्याला दिसत नाही एवढंच. रद्दीचा ढीग कोपऱ्यात वाढला की डोळ्यांत खुपतो. मोबाईल भरला की आपण नवा घेतो. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला पाव भागसुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. झाड वाचवलं आणि दर दोन वर्षांनी मोबाईल फेकला, तर नेमकं काय वाचवलं?

यात आणखी एक माणूस आहे, ज्याचा विचार आपण क्वचित करतो: रद्दी उचलणारा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी एकत्र येऊन 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्यात बहुतेक बायका. त्या जे वेचतात त्याची नावंच त्यांनी आपल्या संघटनेला दिली. आपण ज्याला कचरा म्हणतो ती कुणाची तरी भाकरी आहे, हे त्या नावातच आलं. ओला, खरकटा कागद तिच्या काही कामाचा नसतो. कोरडा आणि वेगळा ठेवलेला कागद विकला जातो. पावसाळ्यात रद्दी पडवीत भिजू न देणं ही एवढीशी गोष्ट, पण ती सेवाच आहे.

आणि आपल्या केंद्रातल्या त्या आजी, ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा तोही नाही? सगळं मोबाईलवर नेलं तर सत्संगाची वेळ त्यांना कोण सांगणार? कागद वाचवताना माणूस सुटला, तर ती बचत गुरुदेवांच्या चरणी घालण्यासारखी नाही.

म्हणून सेवेकरी मंडळापुढे हे चार विचार ठेवते:

१. एकदाच वाचून टाकायचा निरोप मोबाईलवरच द्यावा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना शेजारच्या साधकानं घरी जाऊन सांगावं. त्या निमित्तानं विचारपूसही होते.

२. देणगीची पावती मागेल त्याला कागदावर जरूर द्यावी. हिशेब हातात असला की मनात शंका राहत नाही.

३. नामलेखनाची वही हातानंच लिहावी, पण त्यासाठी मुलांच्या वह्यांतली उरलेली पानं वापरावीत. नामाला कोरं करकरीत पान लागत नाही.

४. प्रसाद छापील वर्तमानपत्रात बांधू नये, त्याची शाई पोटात जाते. त्यासाठी केळीचं पान आहेच. आणि चकचकीत प्लास्टिकचा थर असलेल्या पत्रिका छापूच नयेत, त्यांचा पुन्हा कागद होणं फार कठीण.

उद्या कागद खरंच जाईल का? बराचसा जाईल. पण तो चांगल्या रीतीनं जायचा असेल तर मोबाईलपेक्षा ती जुनी सवय जास्त उपयोगी पडेल, पानाची मागची बाजू उलटून बघणारी. ज्या हाताला ती सवय आहे तो हात निरोप पुढे ढकलण्याआधीही क्षणभर थांबेल. आजपासून एवढंच करून बघू या: पुढे पाठवण्याआधी विचारायचं, हे दगडावर कोरावं लागलं असतं तर मी कोरलं असतं का?

गुरुदेव आपल्या सर्वांना ती सद्बुद्धी देवोत, हीच प्रार्थना.

जय गुरुदेव!
एक सेवेकरी भगिनी, नार्वे, डिचोली